समासात 1871

खारघरला भाच्याच्या खोलीवर त्याचं मानसशास्त्राचं पुस्तक हाताला लागलं. माणसाच्या वागण्याचा जीवशास्त्रीय उलगडा करणारं प्रकरण दोनदा वाचलं. मेंदू, संप्रेरकं, जनुकं. 1848 सालचा फिनिअस गेजही आहे. रेल्वेच्या सुरुंगकामात पहार डोक्यातून आरपार गेली, गडी वाचला, स्वभाव पालटला. खरंच आहे ते. मेंदू नाकारून आपल्याला काय मिळणार?

पण मित्रांनो, 'यांच्या रक्तातच हाय' हे आपण कुठं ऐकलं? इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. पारध्या-कैकाड्याचं पोर जन्मतःच चोर ठरलं. हजेरी, तारेचं कुंपण. 1952 ला कायदा गेला, पण चोरी झाली की पोलीस अजून आधी पारध्याचंच पाल उचकटतात. पुस्तकात यावर एक ओळ नाही.

कॉर्टिसॉलवर मात्र अर्धं पान. भीतीनं ते वाढतं म्हणे. अहो, पण भीती कुणाची? रोज रात्री पालावर लाठी आपटली तर पोराच्या अंगात ते वाढणारच की! मग शाळेत त्याचं ध्यान लागत नाही, आन् मास्तर म्हणतो, 'जातीवर गेला.' लाठीनं केलेलं रक्ताच्या नावावर खपलं.

बाबासाहेबांनी मापं फेकून दिली नाहीत. 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये घुर्यांचीच नाकाची मापं घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे, असं दाखवलं.

भाच्याला म्हटलं, प्रकरण पाठ कर, मार्क घे. समासात तेवढं 1871 लिहून ठेव.