‘फ्रिंज’ मालिकेतील पिता-पुत्र संबंध : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
रहस्यमालिकेत गुन्हेगार कोण, हा प्रश्न मध्यवर्ती असतो. अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत व १०० भागांत प्रसारित झालेल्या ‘फ्रिंज’ या मालिकेत हा शोध अखेर तपासकार्यात साहाय्य करणाऱ्या पित्यापाशीच येऊन थांबतो. प्रस्तुत लेखात वॉल्टर बिशप व त्याचा पुत्र पीटर यांच्या नात्याच्या आधारे पितृप्रेम आणि पित्याचा अधिकार यांतील भेद तपासला आहे.

दुराव्याचे स्वरूप :
शास्त्रज्ञ वॉल्टर १७ वर्षे मनोरुग्णालयात आहे. पीटरचा बुद्ध्यंक १९० असूनही त्याने शालेय शिक्षण अर्धवट सोडले आहे. एका तपासासाठी वॉल्टरला बाहेर काढणे आवश्यक ठरते, म्हणून तपास अधिकारी ऑलिव्हिया डनहॅम पीटरला बगदादहून परत आणते. पुत्र येथे पित्याचा पालक होतो. तो वडिलांना बहुतेक प्रसंगी नावानेच हाक मारतो. मराठी प्रेक्षकाला हे खटकले, तरी दुरावा दाखविण्याचे ते प्रभावी साधन आहे.

अपराधाचे रहस्य :
२०१० मध्ये प्रसारित झालेल्या ‘पीटर’ या भागात खरे रहस्य उलगडते. वॉल्टरचा स्वतःचा पुत्र आजाराने मरण पावलेला असतो. समांतर विश्वातील पीटरही त्याच आजाराने ग्रस्त आहे, हे कळल्यावर १९८५ मध्ये वॉल्टर त्याला बरे करण्यासाठी तेथे जातो व या विश्वात घेऊन येतो. परंतु परत पाठवीत नाही. त्याच्या या कृतीने दोन्ही विश्वांचा समतोल ढळतो.

समांतर विश्वाची कल्पना मराठी वाचकास अपरिचित नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत गंगाधरपंत दुसऱ्या विश्वातील मुंबईत आपल्या मुलाची चौकशी करतात, तेव्हा त्या नावाची व्यक्तीच तेथे नसते. तेथे पित्याला केवळ इतिहासाच्या वेगळ्या वळणाचा प्रत्यय येतो. वॉल्टरला मात्र दुसऱ्या विश्वात पुत्र सापडतो आणि येथेच नैतिक पेच सुरू होतो. ययातीने पुरूचे तारुण्य निदान मागून घेतले. वॉल्टरने पीटरचे बालपण न मागताच घेतले.

प्रायश्चित्त आणि क्षमा :
वॉल्टर हे सत्य वेळेवर सांगत नाही. पीटरला ते स्वतःच्या बुद्धीने उमगते. त्यामुळे पीटरचा आक्षेप पळवून आणण्याइतकाच लपविण्यावरही आहे. ‘व्हाइट ट्यूलिप’ या भागातील पांढऱ्या फुलाचे चित्र वॉल्टरला क्षमेची खूण वाटते. अखेरच्या भागात तो डोनाल्डच्या असामान्य मुलाला, मायकेलला, हात धरून भविष्यकाळात नेतो व त्यासाठी स्वतःच्या मुलाचा सहवास कायमचा सोडतो. १९८५ मध्ये दुसऱ्याचा मुलगा आपल्यासाठी आणणारा पिता येथे दुसऱ्याच्या मुलासाठी आपला मुलगा सोडतो. या निरोपात पीटरच्या ओठांवर ‘बाबा’ हे संबोधन येते. क्षमा शब्दांनी मिळत नाही, तर केलेल्या कृतीच्या उलट कृतीने मिळते, असा अर्थ यातून सूचित होतो.

मर्यादा :
मालिकेची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. ज्याचा पुत्र हिरावला गेला, तो दुसऱ्या विश्वातील पिता दीर्घकाळ खलनायकाच्या रूपात येतो. मुलाला परत न पाठविण्यात वॉल्टरची पत्नी एलिझाबेथ हिचे मातृहृदयही कारणीभूत आहे. परंतु तिच्या यातनेला अत्यल्प अवकाश मिळतो. प्रेक्षकाची सहानुभूती अपराधी पित्याच्या पारड्यात पडावी, अशीच ही रचना आहे.

निष्कर्ष :
वॉल्टरचे प्रेम खरे आहे, म्हणूनच त्याचा अपराध गंभीर ठरतो. अपत्याचे प्राण वाचविल्याने त्याच्या आयुष्यावर मालकी प्राप्त होत नाही, हे या मालिकेचे प्रतिपादन आहे. पाल्याच्या हिताच्या नावाखाली त्याच्या वतीने निर्णय घेणे हे कर्तव्य मानणाऱ्या आपल्या समाजातही त्याचा विचार होणे अगत्याचे आहे.