भिंगांची घरगुती नावे

गेल्या मार्गशीर्षात आप्तांकडील एका विवाहप्रसंगी आम्ही फंक्शन हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसलो होतो. अंतरपाट दूर होण्याची वेळ जवळ येताच छायाचित्रकाराने मागे न पाहता हात पसरला आणि साहाय्यकास फर्मावले, "सत्तर-दोसौ ला रे!" एक लांबट पांढरे नळकांडे त्याच्या हाती आले. सप्तपदी झाल्यावर पुन्हा आज्ञा झाली, "पचास लगा." शेजारी बसलेल्या आमच्या पुतण्यास या कलेचा नाद आहे. हे आकडे भिंगाच्या नाभीय अंतराचे, मिलिमीटरमध्ये मोजलेले, असा खुलासा त्याने केला, आणि लगेच म्हणाला, "काका, ही तर नुसती आकडेमोड. खरी नावे ऐकाल तर चकित व्हाल."

ती नावे ऐकून आम्ही खरोखरच चकित झालो. निवृत्तीनंतर टिपणी लिहिण्यास फाइल उरलेली नाही. तेव्हा काही आठवडे या नावांचाच पाठपुरावा केला. आमचा निष्कर्ष असा की, हे एक लहानसे लोकवाङ्मय आहे आणि त्याची परीक्षा वाङ्मयाच्याच कसोट्यांनी व्हावयास हवी.

मुळात 'लेन्स' हा शब्दच टोपणनाव आहे. लॅटिन भाषेत लेन्स म्हणजे मसूर. दोन्ही अंगांनी फुगीर असलेली काच कोणास तरी मसुराच्या दाण्यासारखी दिसली, आणि शास्त्राने तेच नाव उचलले. अरबीतही मसुरास 'अदस' म्हणतात. त्यावरून आलेला 'अदसा' हा शब्द उर्दूत भिंगाकरिता रूढ आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात ज्यांनी उर्दूतून पदार्थविज्ञान शिकले, त्या आमच्या वाडवडिलांच्या पिढीस तो शब्द अपरिचित नसावा. मम्मटाने रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द दिला आहे. मूळचा अर्थ कुश नावाचे गवत कापून आणणारा. आज गवताची आठवणही कोणास होत नाही. लेन्सच्या बाबतीत मसूर असाच विसरला गेला.

निर्माते आपल्या मालाला जी नावे देतात त्यांची तऱ्हा निराळी. त्साइस कंपनीच्या पाउल रुडॉल्फ यांनी १९०२ साली चार काचांचे भिंग सिद्ध केले. त्याचे नाव टेसार, कारण ग्रीक भाषेत चाराला तसा शब्द आहे. लायका कंपनीच्या भिंगांवर 'सुमिक्रॉन' असे असले की त्याचे छिद्र एफ/२ पर्यंत उघडते असे समजावे, आणि 'सुमिलक्स' असले की एफ/१.४ पर्यंत. 'नॉक्टिलक्स' म्हणजे रात्र आणि प्रकाश. ही सारी नावे अर्थपूर्ण आहेत, भारदस्त आहेत. पण त्यांत अभिधेनेच शालजोडी पांघरली आहे. अपवाद एकच सापडला. लायकाची आरंभीची भिंगे रचणारे माक्स बेरेक यांनी एका भिंगास 'हेक्टर' हे नाव दिले, ते आपल्या कुत्र्यावरून, असे सांगतात. तेवढ्यापुरती त्या यादीत थोडी ऊब आहे.

वरून दिलेले नाव आणि लोकांनी दिलेले नाव यांतील अंतर आपल्या शहरानेही पाहिले आहे. इंदुरात नकाशे काढण्याच्या नोकरीत असताना छायाचित्रणाकडे वळलेले लाला दीनदयाळ पुढे सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांना १८९४ साली 'राजा मुसव्विर जंग बहादूर' असा किताब मिळाला. लोकांनी त्यातला 'राजा' तेवढा उचलला. 'मुसव्विर जंग' कागदावर राहिले.

आता वापरणाऱ्यांनी दिलेली नावे पाहू. मिनोल्टा कंपनीचे १९८५ सालचे ७० ते २१० मिलिमीटरचे भिंग 'बीअरकॅन' म्हणून ओळखले जाते. धातूचे, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचे, मुठीत भरणारे. ही उपमा नुसती आकाराची नाही. हात ती वस्तू कसा धरतो हे तीत आले आहे. कंपनी २००६ साली कॅमेऱ्याच्या धंद्यातून निघून गेली, तिची भिंगे सोनीच्या कॅमेऱ्यांवर चढू लागली, पण बीअरचा डबा डबाच राहिला. कॅननचे १९८९ सालचे ८० ते २०० मिलिमीटरचे काळे, जड भिंग 'मॅजिक ड्रेनपाइप' झाले: सांडपाण्याचा जादूचा पाइप! आमच्या मते या साऱ्या संग्रहातील हे सर्वोत्तम नाव होय. 'जादू' आणि 'सांडपाणी' यांच्या विरोधातून वस्तूचे ओबडधोबड रूप आणि तिच्यातून उतरणारे देखणे चित्र ही दोन्ही एका फटक्यात सांगितली गेली आहेत. एखाद्या जाहिरात लेखकास हे सुचले असते, तरी मालकाने ते छापू दिले नसते.

त्याच कंपनीच्या १९६१ सालच्या एफ/०.९५ भिंगास 'ड्रीम लेन्स' म्हणतात. येथे श्लेष साधला आहे. छिद्र पूर्ण उघडले की चित्र स्वप्नासारखे धूसर उमटते, आणि असे भिंग आपल्याजवळ असणे हेही बहुतेकांस स्वप्नच. 'बिग्मा' हे सिग्माच्या ५० ते ५०० मिलिमीटरच्या धुडास दिलेले नाव दोन शब्दांच्या सांधेजोडीवर भागते. त्याच घराण्यातील ३०० ते ८०० मिलिमीटरचे, सुमारे सहा किलो वजनाचे भिंग 'सिग्मॉन्स्टर'; येथे निदान राक्षस तरी उभा राहतो. सर्वांत लोकप्रिय नाव 'निफ्टी फिफ्टी', म्हणजे स्वस्त आणि हलके ५० मिलिमीटरचे भिंग. आम्हास मात्र ते सर्वांत फिके वाटते. त्यात केवळ यमक आहे, आणि तेही उसने. अमेरिकी शेअर बाजारात पन्नास बड्या कंपन्यांना हे नाव त्याआधीच पडले होते. कॅननच्या १९९० सालच्या अशाच भिंगास दिलेले 'प्लॅस्टिक फँटॅस्टिक' हे नाव बरे. त्यात निदान थोडी थट्टा आहे.

'फिशआय' या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थबकलो. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी १९०६ साली तो घडवला. पाण्याखालून माशाला वरचे जग कसे दिसत असेल हे जाणण्यासाठी त्यांनी पाण्याने भरलेल्या बादलीचाच कॅमेरा केला होता. आपल्याकडे मीनाक्षी म्हटले की सुंदर स्त्री डोळ्यांपुढे येते. मासा तेथे डोळ्याच्या आकारापुरता. वुडसाहेबांनी मासा काय पाहतो हे विचारले. एकच उपमान, पण एका परंपरेने डोळ्याकडे पाहिले आणि दुसऱ्या माणसाने डोळ्यातून. आमच्या काव्याविषयी पूर्ण आदर राखूनही येथे वुडसाहेबांना झुकते माप द्यावे लागते.

या वाङ्मयात दोषही आहेत. पार्श्वभूमीच्या धूसरतेस जपानी भाषेत 'बोके' म्हणतात. म्हातारपणीच्या भ्रमासही तोच शब्द. इंग्रजी वाचकांनी उच्चार नीट करावा म्हणून १९९७ साली माइक जॉन्स्टन या संपादकांनी शेवटी एक 'एच' जोडला आणि शब्द जगभर गेला. लायकाच्या एका ३५ मिलिमीटर सुमिक्रॉनला मग 'बोके किंग' ही पदवी मिळाली. (मराठी कानाला हा मांजरांचा राजा वाटतो, त्यास आमचा इलाज नाही.) जुन्या मालाच्या बाजारात ही पदवी उच्चारली की भाव चढतो. जे नाव लाडाने पडले, ते येथे दलालाच्या कामी आले. अशी नावे आम्ही टोपणनावांत धरीत नाही.

या सर्वांत मराठी नाव एकही नाही, ही गोष्ट आम्हास बोचली. आपल्या भाषेला ही कला अवगत नाही असे म्हणावे, तर 'फटफटी' आणि एस.टी.चा 'लाल डबा' कोणी घडवले? म्हणून आम्ही स्वतःच उद्योग आरंभला. चपट्या भिंगास इंग्रजीत 'पॅनकेक' म्हणतात, त्यास आम्ही 'धिरडे' सुचवले. लांब भिंगास 'मुसळ'. पुतण्या हसला, वा म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी विसरला. चूक त्याची नव्हती. नाव पडते ते काम चालू असताना, घाईत, हात गुंतलेले असताना. आरामखुर्चीत बसून ते पाडता येत नाही. आमच्या घराण्यांत मराठी देव्हाऱ्यापाशी आहे, गणेशोत्सवात आहे, या पत्रिकेत आहे; कामाच्या हाताशी मात्र ती नाही. त्या मांडवातला छायाचित्रकार आपल्यापैकीच होता, मंगलाष्टके त्याला पाठ होती, पण भिंग मागताना त्याच्या तोंडी दखनी आली. त्याला दोष देणारे आम्ही कोण? नोकरीची सारी वर्षे आम्ही टिपण्या इंग्रजीत लिहिल्या, चहा तेलुगूत मागवला आणि वाद उर्दूत घातले. कचेरीतील एकाही वस्तूस आमच्या तोंडून मराठी नाव पडले नाही.

एक अपवाद मात्र नोंदवावयास हवा. आमच्या धाकट्या बंधूंनी तरुणपणी झेनिट हा रशियन कॅमेरा घेतला होता. त्याचे हेलिओस भिंग पुतण्याने मधे एक कडे बसवून आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यास जोडले आहे. त्याचे फिरते कडे आता कुरकुरते, आणि चित्रातील मागची झाडे गरगरल्यासारखी दिसतात. परवा संक्रांतीस सारे जमले असता तो गच्चीवरून मुलीला हाक मारून म्हणाला, "चिनू, आजोबांना वर आण गं, जपून, पडतील." पोर धावत आली आणि तिने आमचा हात धरला. आम्हीही उठलो. गच्चीवर पोहोचल्यावर पुतण्या आमच्या मागे कपाटातले भिंग शोधू लागला.