नागराज कोणाचा? : सुपरहीरो कॉमिक्समधील लेखन, रेखाटन आणि चाहत्यांचा वाद

लोकप्रिय वाङ्मयाच्या वाचकाला आवडीनिवडी असतात, मूल्यविवेक नसतो, हे मराठी समीक्षेचे एक जुने गृहीतक आहे. ते किती अपुरे आहे, हे सुपरहीरो कॉमिक्सच्या चाहत्यांमधील वादांकडे पाहिले असता ध्यानात येते. अमुक अंकाची कथा सरस पण चित्रे निकृष्ट, तमुक चित्रकाराने नायक उभा केला आणि पुढच्या लेखकाने तो बिघडवला, असे हे वाद वरकरणी पोरकट वाटतात. वस्तुतः त्यांत आशय-अभिव्यक्तीचा, कर्तृत्वाचा आणि शैलीचा असे तीन गंभीर प्रश्न गुंतलेले असतात. पुण्याच्या दृष्टीने यातील सर्वांत लक्षणीय उदाहरण 'नागराज' या नायकाचे आहे.

दिल्लीच्या राज कॉमिक्सचा हा हिंदी नायक 1986 मध्ये अवतरला. पहिल्या अंकाचे लेखन परशुराम शर्मा यांचे, तर चित्रे पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांची होती. नागराजच्या देहात सूक्ष्म सर्प वास करतात, ते त्याच्या मनगटातून बाहेर पडतात आणि त्याचा फूत्कार विषारी असतो. प्रोफेसर नागमणीने दहशतवाद्यांसाठी घडविलेले हे अस्त्र बाबा गोरखनाथांच्या प्रभावाने पालटते आणि दहशतवादाच्या नाशासाठी देशोदेशी फिरू लागते. 1990च्या दशकाच्या मध्यास ही मालिका अनुपम सिन्हा यांच्याकडे आली. 1987 मध्ये 'सुपर कमांडो ध्रुव' निर्माण करणारे सिन्हा स्वतः लिहीत आणि स्वतःच रेखाटन करीत. त्यांनी नागराजला महानगर नावाच्या शहरात वसविले, 'राज' या नावाने नोकरी दिली आणि राजकुळातील जन्माचा पूर्वेतिहासही दिला. 'मुळीकांचा नागराज श्रेष्ठ की सिन्हांचा?' हा चाहत्यांचा वाद येथून सुरू होतो.

या वादातील सर्वांत प्रचलित तडजोड अशी की, चित्रे मुळीकांची सरस आणि कथा सिन्हांच्या सरस. ही तडजोड समंजस वाटते. पण ती सदोष आहे. कथा हा आशय आणि चित्र हे त्यावरील वेष्टन, असे तिचे अव्यक्त गृहीतक आहे. मराठीत या द्वैताचा परामर्श मर्ढेकरांपासून घेतला गेला आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) मधील त्यांच्या विवेचनाचा रोख माध्यमघटकांच्या लयबद्ध संघटनेवर आहे. संवाद, विरोध आणि समतोल ही त्या संघटनेची तत्त्वे होत. कॉमिक्सचे माध्यम मात्र निव्वळ रेषा-रंगांचे नाही आणि निव्वळ शब्दार्थाचेही नाही. स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 मध्ये दाखवून दिले त्याप्रमाणे, दोन चौकटींमधील रिकाम्या पट्टीत वाचक न काढलेली कृती मनाने पूर्ण करतो. काय दाखवायचे आणि काय गाळायचे, ही निवड एकाच वेळी निवेदनाची असते आणि रेखाटनाचीही. तेव्हा 'चित्रे चांगली, कथा वाईट' हे विधान काही वेळा 'छंद चांगला, कविता वाईट' या विधानाइतकेच अर्धवट ठरते.

मुळीकांच्या चौकटींकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. 'अमर चित्रकथे'त घडलेली त्यांची कुंचल्याची रेषा वास्तवदर्शी आहे. मनुष्यदेहाचे प्रमाण ती सांभाळते, पार्श्वभूमी मोकळी ठेवते आणि आकृतीला ठाम उभे करते. अशा संयत अवकाशात मनगटातून सर्प निघतो, तेव्हा अद्भुत हे वास्तवाच्या अंगावर उमटते. मर्ढेकरांच्या परिभाषेत ही विरोधलय होय. नायकाला घर नाही, नाती नाहीत, भूतकाळ जेमतेम आहे, ही गोष्ट लेखनातील उणीव म्हणून सांगितली जाते. परंतु हे रितेपण आणि चौकटीतील मोकळेपणा एकाच कल्पनेची दोन अंगे आहेत. हा नायक येतो, लढतो आणि निघून जातो. त्याच्याभोवती जागा लागते.

सिन्हांच्या पानांवर ही जागा भरून जाते. संवाद लांबतात, प्रत्येक शक्तीचे स्पष्टीकरण येते, पात्रे वाढतात, चौकटी दाटतात आणि देह अधिक अतिशयोक्त होतात. चाहते याला कधी 'कथेची समृद्धी' म्हणतात, कधी 'चित्रांची गर्दी'. या दोन्ही शब्दांनी निर्दिष्ट होणारी वस्तू मात्र एकच आहे. ज्याला घर, नोकरी आणि वंश आहे त्या नायकाचे पान रिकामे राहू शकत नाही. उम्बेर्तो एको यांनी 1962 च्या आपल्या निबंधात सुपरमॅनविषयी मांडलेला मुद्दा येथे उपयुक्त ठरतो : मिथकासारखा हा नायक काळाने झिजता कामा नये, म्हणून प्रत्येक कथा जणू नव्याने आरंभ करते. मुळीकांच्या काळातील नागराज या प्रतिमानाच्या जवळ आहे. सिन्हांचा नागराज इतिहास धारण करतो, म्हणजेच झिजू लागतो. चाहत्यांचा वाद दोन चित्रकारांमधील वाटतो; मुळात तो नायकाच्या काळाविषयीच्या दोन कल्पनांमधील वाद आहे.

यावर असा आक्षेप येईल की, कॉमिक्सच्या व्यवसायात लेखन आणि रेखाटन यांची श्रमविभागणी प्रत्यक्षातच असते. आक्षेप खरा आहे. पण तो वेगळाच निष्कर्ष सुचवितो. 1960च्या दशकात मार्व्हलमध्ये स्टॅन ली केवळ कथासूत्र देत, जॅक कर्बी चौकटी रचीत आणि संवाद नंतर भरले जात. तेथे 'लेखक' कोण, हा तंटा आजही मिटलेला नाही. 1992 मध्ये नामवंत चित्रकारांनी मार्व्हल सोडून 'इमेज' ही संस्था काढली, तेव्हा चित्रे दिपविणारी आणि लेखन पोकळ, ही तक्रार अमेरिकेतही झाली. श्रम विभागले जातात. वाचले जाणारे पान विभागले जात नाही.

असे असूनही चाहत्यांचे एक ऋण मान्य करावे लागते. नायक प्रकाशकाच्या मालकीचा असतो आणि हात बदलत राहतात. अशा व्यवहारात रेषेवरून हात ओळखणे, सहायकाने काढलेली चौकट मूळ चित्रकाराच्या चौकटीपासून वेगळी काढणे, ही शैलीमीमांसाच होय. राज कॉमिक्सच्या 'ग्रीन पेज'ने वाचकांच्या अशा मतांना छापील जागा दिली. तेथील निर्णय पुष्कळदा स्मरणरंजनाने रंगलेले असतात. बालपणी जो नागराज प्रथम हाती आला तोच खरा वाटतो. तरीही निरीक्षणे टिपण्याचे काम त्यांनी केले, आणि जे काम समीक्षेचे होते ते काही अंशी त्यांच्याकडून पार पडले.

मराठी समीक्षेच्या दृष्टीने हे दुर्लक्ष साधे नाही. मुळीकांच्याच हाताने 'अमर चित्रकथे'तील शिवाजी रेखाटला, 1980च्या दशकात अमिताभ बच्चन यांच्या चेहऱ्याचा 'सुप्रीमो' रेखाटला आणि नागराजही रेखाटला. ऐतिहासिक, चित्रपटीय आणि काल्पनिक अशा तीन वीरप्रतिमा एकाच रेषेतून घडल्या. ऐतिहासिक कादंबरीतील नायकाच्या उदात्तीकरणाची चिकित्सा मराठीत विपुल झाली आहे. त्याच नायकाची ताठ मान, पसरलेले खांदे आणि खालून वर पाहणारा दृष्टिकोन मुलांच्या डोळ्यांत कोणत्या रेषेने भरविला, हा प्रश्न तिच्या कक्षेत क्वचितच आला. मुळीकांनी हिंदी नायकाची चित्रे काढली, म्हणून ते मराठी वाङ्मयव्यवहाराबाहेरचे, असे मानण्याचे कारण नाही. वेताळ इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आला तेव्हा वाचकांनी त्याचे कूळ विचारले नव्हते. चाहते विचारतात, 'नागराज कोणाचा?' या प्रश्नाला लेखक किंवा चित्रकार असे एकपदी उत्तर नाही. परंतु तो गांभीर्याने विचारल्याखेरीज वीरप्रतिमेची कोणतीही मीमांसा पूर्ण होणार नाही.