इरावती कर्वे : दोन भाषांतील एक अभ्यासपद्धती

डॉ. इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना सामान्यतः त्यांच्या लेखनाची वाटणी केली जाते. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) लिहिणाऱ्या मानवशास्त्रज्ञ समाजशास्त्राच्या वाट्याला येतात, तर 'परिपूर्ती', 'भोवरा' व 'युगान्त'च्या लेखिका मराठी साहित्याच्या. ही वाटणी सोयीची असली, तरी त्यांच्या अभ्यासपद्धतीवर अन्याय करणारी आहे.

जर्मनीत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिला. या असमानतेचा वंशाशी संबंध असल्याचे मार्गदर्शकांचे गृहीतक मोजमापांत सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुराव्यापुढे अधिकार गौण मानण्याची ही वृत्ती १९३९ पासून डेक्कन कॉलेजात केलेल्या संशोधनातही दिसून येते. एका समाजाचे विभाजन होऊन जाती निर्माण झाल्या, या मताऐवजी मुळात भिन्न असलेले समूह एकत्र येऊन जातिव्यवस्था घडली, अशी मांडणी त्यांनी 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' (१९६१) या ग्रंथात केली.

या मांडणीची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. जात हा विस्तारित आप्तसमूह मानल्यामुळे समूहांचे सहअस्तित्व ठळक होते. परंतु जमीन, सत्ता व अवहेलना यांवर टिकलेली उतरंड मागे पडते. ही उणीव त्यांच्या मराठी लेखनाने अंशतः भरून काढली आहे. पंढरीच्या वारीवरील लेखात एकच अभंग गाणारे वारकरी जेवायला मात्र जातवार वेगळे बसतात, हे त्या पाहतात. येथे निरीक्षक तटस्थ राहत नाही. स्वतःच्या ब्राह्मण असण्यासह ती त्या विसंगतीचा भाग होते. हाच लेख १९६२ मध्ये इंग्रजी अनुवादरूपाने 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत ललित ठरलेले लेखन अशा रीतीने अन्यत्र मानवशास्त्र म्हणून वाचले गेले.

जाई निंबकर यांच्यासह केलेल्या कोयना धरणग्रस्तांच्या पाहणीतही (१९६९) शास्त्र आणि सामाजिक उत्तरदायित्व वेगळे करता येत नाही.

इंग्रजी शोधनिबंध म्हणजे संशोधन आणि मराठी लेखन म्हणजे प्रबोधन, अशी विभागणी महाविद्यालयीन क्षेत्रात आजही सहज केली जाते. इरावतीबाईंच्या बाबतीत ती स्वीकारल्यास त्यांच्या सिद्धान्ताची सर्वांत कठोर तपासणी, जी त्यांनी स्वतःच मराठीत केली, तीच अभ्यासकांच्या नजरेतून निसटते.