पटावरील सैनिक आणि सेनापतीचा हेतू : 'आयझॅक' व 'आइनस्टाइन' या युद्धप्रतिरूपांची चिकित्सा

फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेल्या समीकरणांत सैन्य म्हणजे केवळ घटत जाणारी संख्या होती. सैनिक कोठे उभा आहे, त्याला काय दिसते, तो कोणाचे ऐकतो, हे प्रश्न त्या गणितात उद्भवत नव्हते. अमेरिकेतील 'सेंटर फॉर नेव्हल ॲनालिसेस' या संस्थेत अँड्र्यू इलाचिन्स्की यांनी १९९०च्या दशकात विकसित केलेल्या 'आयझॅक' या व त्यापुढील 'आइनस्टाइन' या संगणकीय प्रतिरूपांनी नेमके हेच प्रश्न केंद्रस्थानी आणले.

येथे प्रत्येक सैनिक चौकटींच्या पटावर वावरणारा स्वतंत्र एजंट असतो. त्याची दृष्टी व मारा मर्यादित असतो. धडधाकट व जखमी स्वकीय, धडधाकट व जखमी शत्रू, आपला ध्वज व शत्रूचा ध्वज यांच्याकडे तो किती ओढला जातो, हे सहा भारांक ठरवितात; तोच त्याचा 'स्वभाव'. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून, वरून हुकूम नसतानाही, आघाडी उभी राहते आणि वेढाही पडतो. हे यश निःसंशय लक्षणीय आहे.

मात्र त्यास विकेंद्रित आदेशपद्धतीचा पुरावा मानणे घाईचे ठरेल. मोल्टके यांच्या प्रशियन परंपरेत कनिष्ठास काय साधायचे व कशासाठी, हे सांगितले जाते. कसे, हे त्याच्यावर सोपविले जाते. प्रसंगी आदेशाचे शब्द बाजूस सारून हेतू पाळणे, हे त्या पद्धतीचे मर्म होय. सहा भारांकांत 'कशासाठी' मावत नाही. ध्वज हे एक ठिकाण आहे, हेतू नव्हे. या प्रतिरूपांत स्थानिक व सर्वोच्च सेनापतींचीही सोय आहे; परंतु तेही भारांकांनीच चालतात. शिवाय जनुकीय शोधपद्धतीने 'यशस्वी' स्वभाव निवडताना यशाची व्याख्या संशोधकच करतो. पटावरून हटविलेला सेनापती असा संगणकासमोर येऊन बसतो!

इलाचिन्स्की यांनी 'आर्टिफिशियल वॉर' (२००४) या ग्रंथात हे प्रतिरूप भाकितासाठी नव्हे, तर संकल्पनांची प्रयोगशाळा म्हणून मांडले आहे, हे न्यायबुद्धीने नोंदविले पाहिजे. त्या प्रयोगशाळेतील सर्वांत फलदायी सोय संदेशांची आहे. सोबत्यांनी पाहिलेले किती अंतरापर्यंत पोहोचावे आणि त्यास किती वजन द्यावे, हे येथे बदलता येते. अधिक माहितीने तुकडी शहाणी होते की गोंधळते, हा प्रश्न आज्ञापालनाच्या चर्चेपेक्षा या पटावर अधिक प्रामाणिकपणे तपासता येतो.