पुनपुनचा देव

जपानी चित्रकार-लेखक इनिओ असानो यांची 'ओयासुमी पुनपुन' ही मांगा, म्हणजे चित्रकादंबरी, २००७ ते २०१३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली व १३ खंडांत पूर्ण झाली. करमणुकीच्या अपेक्षेने ती हाती घेणाऱ्याचा लवकरच भ्रमनिरास होतो.

पुनपुन हा बापाच्या हिंसेने मोडलेल्या घरातील शाळकरी मुलगा. भोवतालचे रस्ते, घरे, बहुतेक माणसे हुबेहूब रेखाटलेली. पुनपुन मात्र चार रेषांचा पक्षी. संकटात तो मामाने शिकविलेल्या शब्दांनी देवाला बोलावतो. देव येतो तो हसऱ्या माणसाचे छायाचित्र होऊन, आणि उपदेश करतो तोही पोकळ. वय वाढते तसा हा देव पुनपुनच्याच मनातील विखार बोलू लागतो. मन हेच कर्माचे मूळ मानणाऱ्या आमच्या वाचकांस हा देव परका वाटणार नाही.

आमचा आक्षेप आयकोविषयी आहे. एका पंथाच्या आहारी गेलेल्या आईची ही मुलगी पुनपुनइतकीच पोळलेली. तिला चेहरा मिळाला, पण तिच्या अंतरंगाला पुनपुनच्या तुलनेत फारच थोडी पाने मिळाली. पुनपुन तिच्यावर हात उगारतो. ती अखेर आत्महत्या करते, आणि लेखक तिच्या मरणाकडेही त्याच्याच दुःखातून पाहतो. करुणेचा हा संकोच आम्हांस खटकतो.

तथापि पुनपुनला मरणाची सुटका लेखकाने दिलेली नाही. शेवटी बालपणीचा एक वर्गमित्र त्याला भेटतो. त्याला पुनपुनचे नावही आठवत नाही.