मागे-पुढे हलतंय, पण बरोबर हलतंय का?

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘कॅडमध्ये सिम्युलेशन करून यंत्रणेची गती तपासली.’ खाली पिस्टनची चार रंगीत चित्रं. तुम्ही पीएचडीकडे वळणार असाल तर या वाक्यापाशी थांबायची सवय लावून घ्या. पुष्कळदा तिथे काहीच तपासलेलं नसतं. उत्तर आधीच आत घातलेलं असतं आणि तेच बाहेर येतं.

आमच्या तारापूर एमआयडीसीत मागे-पुढे होणारी गती पावलोपावली आहे: एअर कॉम्प्रेसर, रसायन मोजून सोडणारे डोसिंग पंप, कापड कारखान्यातले माग. त्यामुळे विषयही तिथूनच निवडले जातात. चूक कुठे होते ते बघू.

मोटर कुठे लावली?

सॉलिडवर्क्समध्ये ‘ऑसिलेटिंग’ नावाची मोटर मिळते. किती मिलिमीटर आणि सेकंदाला किती वेळा एवढं सांगितलं की भाग हलू लागतो. ती थेट पिस्टनला लावली की झालं! पण ही मोटर साइन वक्राने चालते, म्हणजे बीएस्सीला शिकलेली सरल आवर्त गती. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडवर चालणारा पिस्टन तसा चालत नाही.

आकडे घ्या. क्रँक 50 मिमी, रॉड 200 मिमी, म्हणजे स्ट्रोक 100 मिमी. वरच्या टोकापासून क्रँक 90 अंश फिरला की साइनच्या हिशोबाने पिस्टन 50 मिमी आलेला असायला हवा. भूमितीने तो 56.35 मिमी येतो, कारण रॉड तिरका होतो. सर्वाधिक वेगही 90 अंशांवर नसून 77 अंशांच्या आसपास असतो. त्वरणात फरक आणखी मोठा आहे. साइन धरली तर दोन्ही टोकांना ते सारखंच, समजा 1. प्रत्यक्षात क्रँकपासून लांबच्या टोकाला ते 1.25 आणि जवळच्या टोकाला 0.75 च्या घरात असतं. त्यावरून बेअरिंगवरचं बल काढलं, तर एका टोकाला जडत्वाचं बल 20 टक्के कमी धरलं जाईल.

हा फरक कधी मुद्दाम ठेवलेला असतो

भिवंडी, इचलकरंजी, मालेगावातला धोट्याचा माग बघा. फणी पुढे येऊन आडवा धागा ठोकते, मागे जाते, आणि ती मागे असताना धोटा या बाजूचा त्या बाजूला जातो. फणीची चौकट क्रँकवरच चालते. (ती थोडी कमानीत झुलते, ते तूर्त सोडून देऊ.) क्रँक आणि रॉडचं प्रमाण वरच्यासारखंच 1:4 धरलं, तर एका फेरीत फणी पुढच्या अर्ध्या भागात सुमारे 166 अंश असते आणि मागच्या अर्ध्या भागात 194. मिनिटाला 150 फेरे असतील तर मागचा वेळ 0.216 सेकंद. साइनने तो 0.2 येतो. 16 मिलिसेकंद म्हणजे किती? धोट्याचा वेग सेकंदाला 10 मीटर धरा: 16 सेंटीमीटर. धोटा ताण्यात अडकला तर धागे तुटतात, म्हणून ही सवड मागाच्या रचनेतच ठेवलेली असते. ऑसिलेटिंग मोटर लावणारा विद्यार्थी नेमकी तीच पुसून टाकतो, आणि वर ‘माग तपासला’ म्हणतो.

चौकटी किती?

मोटरच्या पाटीवर 1440 आरपीएम असतं, म्हणजे सेकंदाला 24 फेरे. क्रँक थेट त्या वेगाने फिरवला आणि निकाल सेकंदाला 25 चौकटींत साठवला, तर दर चौकटीला क्रँक 345.6 अंश पुढे जातो. डोळ्याला तो 14.4 अंश मागे गेल्यासारखा दिसतो. पडद्यावर पिस्टन सेकंदाला एकदा सावकाश ये-जा करतो, आणि या आकड्यांवरून काढलेला आलेखही तितकाच खोटा. एका फेरीला निदान 50-100 बिंदू हवेत, मग संगणकाला वेळ लागला तरी चालेल.

सांध्यातली ढील

कॅडमधला मेट म्हणजे शून्य फटीचा सांधा. खऱ्या पिनेत फट असते. दिशा बदलताना आधी ती फट भरते, मग पुढचा भाग हलतो. डोसिंग पंपात 0.2 मिमी ढील असेल आणि स्ट्रोक 5 मिमी असेल, तर 4 टक्के हालचाल हरवते. स्ट्रोक कमी करून 1 मिमी केला तर 20 टक्के. मॉडेल मात्र दोन्ही वेळा शंभर टक्केच दाखवेल. ढील मोजायची असेल तर मेट काढून तिथे काँटॅक्ट द्यावा लागतो.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. सॉलिडवर्क्स स्वतःच अ‍ॅनिमेशन, बेसिक मोशन आणि मोशन अ‍ॅनालिसिस असे तीन वेगळे पर्याय देतं. अ‍ॅनिमेशनही टाकाऊ नाही. भाग एकमेकांना आपटतात का हे बघायला आणि समजावून सांगायला ते उत्तम. क्रँकला मोटर लावली तर त्यातही पिस्टनची जागा बरोबर येते. मात्र वस्तुमान आणि बल त्यात नसतं. ते हवं असेल तर मोशन अ‍ॅनालिसिसच.

तेव्हा कुणाचा रिपोर्ट वाचताना किंवा स्वतःचा लिहिताना चार प्रश्न विचारा. मोटर क्रँकला आहे की पिस्टनला? एका फेरीला बिंदू किती? सांध्यात फट धरली आहे का? आणि 90 अंशांवरची जागा कागदावर काढून ताडून पाहिली का? शेवटच्या प्रश्नाला पायथागोरस आणि पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं दिलेली नसतील, तर ‘तपासली’ हा शब्द खोडा आणि ‘दाखवली’ लिहा. तेवढंच खरं असतं.